मे महिन्यात वितळायचं नाही, डिसेंबरात तडकायचं नाही : रबराला हे शिकवणारा माणूस कर्जातच गेला

भंडाऱ्याहून वरठीमार्गे तुमसरकडे निघालात की मध्ये मोहाडी लागतं. चौंडेश्वरी देवीचं मोहाडी, धानाचं मोहाडी, कोसा विणणाऱ्या विणकरांचं मोहाडी. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे धुकं उतरतं. पारा कधी कधी १० अंशांच्या खाली जातो. सकाळी सहाला भंडाऱ्याला निघालेला माणूस काच पुसत, हेडलाइट लावून बेतानं गाडी चालवतो.

हाच रस्ता मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत भाजून निघतो. गाडी तीच, रस्ता तोच आणि गाडीखालचे चार टायरही तेच.

थंडी सुरू झाली की टायर बदलायला आलेल्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघितलेले असतात. तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे आणि बारमाही चालणारे ऑल-सीझन वेगळे. मग आपणही थंडीसाठी काही वेगळं घ्यायचं का? ऑल-सीझनला जास्त पैसे मोजायचे का?

या प्रश्नाचं उत्तर लेखाच्या शेवटी दिलंय. पण ते नीट कळायचं असेल तर आधी एका माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. रस्त्यावर मोटारगाडी यायच्या पन्नास वर्षं आधीच हा माणूस याच प्रश्नाला भिडला होता. उन्हात वितळणार नाही आणि थंडीत तडकणार नाही, असं रबर त्याला हवं होतं. त्यापायी त्याने घर, पैसा, तब्येत सगळं घालवलं आणि शेवटी ते रबर बनवूनही दाखवलं.

त्याची एक खूण तुमच्या गावातही आहे. पंक्चरच्या दुकानावर 'टायर व्हल्कनायझिंग' अशी पाटी तुम्ही हजारदा वाचली असेल. त्या व्हल्कनायझिंगचा शोध लावणारा हा माणूस, नाव चार्ल्स गुडइयर.

बटणं विकणाऱ्याचा पोरगा

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन हे त्याचं गाव. वडील अमासा गुडइयर यांचा हार्डवेअरचा धंदा होता. बटणं, शेतीची अवजारं असलं सामान ते बनवायचे आणि विकायचे. गवत उचलायच्या काट्यात सुधारणा करणारा, हातात कला असलेला माणूस. पोराने तेच बघितलं आणि तेच उचललं.

सतरा वर्षांचा असताना चार्ल्सला धंदा शिकायला फिलाडेल्फियाला पाठवलं. परत आल्यावर तो वडिलांचा भागीदार झाला. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचरशी लग्न झालं. दोन वर्षांनी त्याने फिलाडेल्फियात स्वतःचं हार्डवेअरचं दुकान टाकलं. तेव्हा अमेरिकेत असलं सामान बहुतेक इंग्लंडहून यायचं. देशातच बनवलेलं सामान विकायचं, हा चार्ल्सचा विचार होता. विचार चांगला होता, दुकानही सुरुवातीला चाललं.

पण उधारी वाढली. १८३० च्या सुमाराला धंदा बसला. देणेकरी दारात आले आणि चार्ल्स तुरुंगात गेला. कारण त्या काळी कर्ज फेडलं नाही तर सरळ आत टाकत. पुढे आयुष्यभर या तुरुंगाशी त्याचा संबंध सुटला नाही. दिवाळं जाहीर करून मोकळं होण्याची वाट त्याच्यासमोर होती. पण तसं केलं तर आपल्या अर्ध्यामुर्ध्या शोधांवरचा हक्कही हातून जाईल, म्हणून त्याने ती वाट धरली नाही. प्रत्येक देणं अंगावर घेतलं.

जिथे रबर उन्हात सडत होतं

१८३४ मध्ये चार्ल्स न्यूयॉर्कला गेला होता. तिथे रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात त्याला पाण्यात तरंगायचा, रबराचा हवा भरायचा पट्टा दिसला. त्याची हवा भरायची झडप त्याला काही पटली नाही. त्याने घरी जाऊन त्याहून चांगली झडप बनवली आणि कंपनीला विकायला घेऊन आला.

दुकानातल्या माणसाने झडपेचं कौतुक केलं आणि मग खरी अडचण सांगितली. झडप कितीही चांगली असली तरी उपयोग नव्हता, कारण मुळात रबरच टिकत नव्हतं.

झालं असं होतं की काही वर्षांपूर्वी अमेरिकेत रबराचं वेड आलं होतं. ब्राझीलच्या जंगलातल्या झाडाचा हा चीक पाणी अडवतो, ताणला तर ताणतो, हे बघून लोकांनी कारखाने काढले. बूट, कोट, टोप्या, ताडपत्र्या असं सगळं रबराचं बनायला लागलं. शेअर विकले गेले, लोकांनी पैसे ओतले.

मग उन्हाळा आला. बूट वितळून चिकट झाले, कोटांच्या घड्या एकमेकांना चिकटल्या, मालाला दुर्गंधी सुटली. लोकांनी हजारोंनी माल परत केला. मग हिवाळा आला. उरलेला माल दगडासारखा कडक झाला आणि वाकवला की तडकू लागला. एकामागून एक कंपन्या बुडाल्या.

म्हणजे रबर होतं, पण ते धड उन्हाळ्याचं नव्हतं आणि धड हिवाळ्याचंही नव्हतं.

दुसऱ्या कुणी तिथूनच पाय मागे घेतला असता. चार्ल्सला मात्र वाटलं की हे काम आपल्याच वाट्याचं आहे. रसायनशास्त्र तो शिकलेला नव्हता, खिशात पैसा नव्हता, कारखाना नव्हता. फिलाडेल्फियाला परतल्यावर कर्जापायी पुन्हा तुरुंगात जावं लागलं, तर तिथे त्याने बायकोकडून कच्चं रबर आणि पोळ्या लाटायचं लाटणं मागवून घेतलं. रबर तेव्हा स्वस्त होतं, कारण कुणालाच नको होतं. कोठडीत बसून तो ते मळत राहिला, लाटत राहिला.

पाच वर्षं, शंभर मिश्रणं

त्याचा पहिला विचार साधा होता. रबर चिकट होतं, तर त्यात कोरडी पूड मिसळायची, म्हणजे चिकटपणा जाईल. त्याने मॅग्नेशिया मिसळून बघितला. रबर पांढरंशुभ्र, छान दिसायला लागलं. बायको-मुलांच्या मदतीने त्याने घरातच शेकडो जोड्या बूट बनवले. उन्हाळा आला आणि सगळे बूट लिबलिबीत होऊन बसले.

शेजाऱ्यांनी वासाबद्दल तक्रार केली. चार्ल्सने घरातलं सामान विकलं, बायकापोरांना दुसरीकडे ठेवलं आणि न्यूयॉर्कला एका मित्राच्या खोलीत प्रयोग सुरू केले. चुन्याच्या निवळीत रबर उकळून बघितलं. पृष्ठभाग गुळगुळीत झाला, चिकटपणा गेला. शोध लागला असं वाटलं. पण लिंबासारख्या आंबट पदार्थाचा थेंब पडला की जागा पुन्हा चिकट.

एकदा रबरावर दिलेला सोनेरी रंग काढायला त्याने नायट्रिक ॲसिड वापरलं. तो तुकडा काळवंडला, म्हणून त्याने फेकून दिला. पण तुकडा डोक्यातून जाईना. परत शोधून आणला, तर जिथे ॲसिड लागलं होतं तिथला चिकटपणा गेला होता. याच ॲसिडवरचे प्रयोग करताना बंद खोलीत वायू भरला आणि तो मरता मरता वाचला. कित्येक आठवडे अंथरुणावर काढले. पण या पद्धतीचं पेटंट त्याला १८३७ मध्ये मिळालं. पैसे लावणारा माणूसही मिळाला.

आणि त्याच १८३७ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. पैसे लावणारा बुडाला, त्याच्यासोबत चार्ल्सही. बायकापोरांसह त्याने स्टॅटन आयलंडवरच्या एका बंद पडलेल्या रबर कारखान्यात मुक्काम टाकला. समुद्रातले मासे पकडून त्यावर दिवस काढले.

यात चार्ल्सच्या जिद्दीचं कौतुक सगळे करतात. क्लॅरिसाबद्दल मात्र कुणी फार बोलत नाही. दर काही महिन्यांनी घर बदलायचं, भांडीकुंडी विकायची, स्वयंपाकाची भांडी रबरासाठी द्यायची आणि पुन्हा त्याच्या पुढच्या प्रयोगाला बसायचं, हे तिने वर्षानुवर्षं केलं. त्यांची अनेक मुलं लहानपणीच गेली. चार्ल्सच्या वेडाची किंमत तिनेही भरलीच.

सरकारी थैल्यांनी तोंडावर पाडलं

पुढे तो मॅसॅच्युसेट्स राज्यात आला. तिथे वूबर्न नावाच्या गावात नॅथनियल हेवर्ड नावाचा कारागीर भेटला. हेवर्ड रबरात गंधक मिसळून ते उन्हात ठेवायचा. त्यामुळे रबराचा वरचा थर पक्का व्हायचा. चार्ल्सने त्याच्याकडून ही पद्धत विकत घेतली. कोडं सोडवायला जी दोन गोष्टींची जोडी हवी होती, त्यातली गंधक ही पहिली गोष्ट अशी हाती आली.

दरम्यान सरकारकडून टपालाच्या १५० रबरी थैल्या बनवायचं काम मिळालं. चार्ल्सला वाटलं, आता दिवस पालटले. थैल्या तयार केल्या, उबदार खोलीत टांगून ठेवल्या आणि तो काही दिवस बाहेरगावी गेला. परत येऊन बघतो तर थैल्या स्वतःच्याच वजनाने ओघळल्या होत्या, मुठी गळून पडल्या होत्या. वरचा थर पक्का, आतलं रबर मात्र होतं तसंच.

लोक त्याची टर उडवू लागले. तो स्वतः रबराचा कोट, रबराची टोपी, रबराचे बूट घालून फिरायचा. गुडइयर कसा ओळखायचा, तर अंगभर रबर आणि रबराच्याच पाकिटात एक छदामही नाही असा माणूस दिसला की समजावं तोच, असा विनोद तेव्हा चालायचा.

शेगडी आणि एक थंड रात्र

१८३९ चा हिवाळा. जागा वूबर्न.

गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा चार्ल्सच्या हातून तापलेल्या शेगडीवर पडला. तो कसा पडला याच्या दोन-तीन कहाण्या आहेत. कुणी म्हणतं दुकानात लोकांशी हुज्जत घालताना हातातून उडाला, कुणी म्हणतं घरातच चुकून लागला. पुढचं मात्र सगळ्या कहाण्यांत सारखं आहे. रबर तापलं की वितळतं, हे त्या काळी पोरासोरांनाही माहीत होतं. हा तुकडा वितळला नाही. चामड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी होती, ती करपलेलीही नव्हती आणि चिकटही नव्हती. वाकवली तर वाकत होती, सोडली की परत जागेवर येत होती.

उष्णतेच्या परीक्षेत तुकडा पास झाला होता. आता दुसरी परीक्षा थंडीची. चार्ल्सने तो तुकडा घराबाहेर खिळ्याने ठोकला आणि रात्रभर कडाक्याच्या थंडीत ठेवला. सकाळी काढून वाकवला. जसाच्या तसा लवचिक.

बारमाही रबराची ही जगातली पहिली चाचणी म्हणायला हरकत नाही. एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला गोठवणारी रात्र, आणि मध्ये एक तुकडा जो दोन्हीकडे टिकला. आज टायर कंपन्या वाळवंटात आणि बर्फात नेऊन टायर तपासतात, त्याचं मूळ हेच.

हा शोध निव्वळ नशिबाने लागला असं म्हटलेलं चार्ल्सला आवडत नसे. त्याचं म्हणणं असं की सफरचंद सगळ्यांसमोर पडतं, पण त्यातून काही कळायला आधीपासून डोक्यात तोच प्रश्न घोळत असावा लागतो. पाच वर्षं तो तेच तर करत होता.

यात नेमकं घडतं काय?

थोडं सोपं करून बघू. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. पातेल्यातल्या शेवया डोळ्यांसमोर आणा. गरम असल्या की शेवया एकमेकींवरून घसरतात, म्हणून पदार्थ पातळ, चिकट वाटतो. गार झाल्या की थिजून एक गोळा होतो आणि मोडायला गेलं की तुकडा पडतो. कच्च्या रबराचं असंच होतं.

गंधक घालून योग्य उष्णता दिली की गंधकाचे अणू दोन शेजारच्या साखळ्यांमध्ये गाठ मारतात. अशा असंख्य गाठी पडल्या की गुंत्याचं जाळं होतं. जाळं ताणता येतं, पण सोडलं की जागेवर येतं. उन्हाने साखळ्या घसरून जाऊ शकत नाहीत, कारण गाठी धरून ठेवतात. थंडीतही जाळं बरंच खालच्या तापमानापर्यंत लवचिक राहतं. गाठी कमी पडल्या तर रबर चिकट, जास्त पडल्या तर ते ठिसूळ आणि कडक. सगळी मेख प्रमाणात, उष्णतेत आणि वेळेत.

पंक्चरवाला हीच गोष्ट छोट्या प्रमाणावर करतो. फाटलेल्या जागी कच्च्या रबराचा तुकडा ठेवतो, वरून तापलेला साचा आवळतो आणि ठरलेली मिनिटं मोजतो. त्या काही मिनिटांत तिथे गाठी पडतात. घाई केली तर पॅच सुटतो, जास्त तापवलं तर करपतो. चार्ल्सचा करपलेला तुकडा आठवला ना?

शोध लागला, पण उपास संपले नाहीत

शोध लागला म्हणजे गोष्ट संपली असं आपल्याला वाटतं. चार्ल्सच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ त्यानंतर सुरू झाला.

उष्णता किती आणि किती वेळ, हे त्याला माहीत नव्हतं. क्लॅरिसाच्या पाव भाजायच्या भट्टीत, किटलीच्या वाफेवर, तापलेल्या वाळूत, जिथे जमेल तिथे तो रबर भाजत बसला. ओळखीच्या कारखान्यांत काम संपल्यावर भट्टी वापरू द्या, म्हणून विनवण्या केल्या. घरात खायला नव्हतं. मुलांची शाळेची पुस्तकंही विकावी लागली.

त्या हिवाळ्यात एकदा घरात ना अन्न होतं ना सरपण. बाहेर बर्फाचं वादळ. आजारी चार्ल्स त्या वादळात मैलोन्‌मैल चालत एका ओळखीच्या माणसाकडे मदत मागायला गेला. त्या माणसाने मदत केली, म्हणून ते घर वाचलं. १८४० मध्ये तो उसने पैसे मिळवायला बोस्टनला गेला, पैसे मिळाले नाहीत आणि खाणावळीचं पाच डॉलरचं बिल थकलं म्हणून पुन्हा कैद झाली. त्याच काळात त्याचा लहानगा मुलगा गेला आणि अंत्यविधीलाही पैसे नव्हते.

शेवटी कापड गिरणीचा मालक असलेल्या मेहुण्याने हजारो डॉलर दिले. प्रयोग पुरे झाले. दाबाखालच्या वाफेची ठरावीक उष्णता, ठरावीक तास. पद्धत पक्की झाली. १५ जून १८४४ रोजी अमेरिकेचं ३६३३ क्रमांकाचं पेटंट चार्ल्स गुडइयरच्या नावावर झालं.

इंग्लंडमध्ये नाव दुसऱ्याचं लागलं

पण एक घोळ आधीच झाला होता. पैसे मिळावेत म्हणून चार्ल्सने आपल्या नव्या रबराचे नमुने इंग्लंडला पाठवले होते. ते तिथल्या थॉमस हॅनकॉकच्या हाती पडले. हॅनकॉक स्वतः रबराचा जाणकार. नमुन्यावरच्या पिवळसर खुणांवरून त्याला गंधकाचा वास आला, मग त्याने प्रयोग करून पद्धत बसवली आणि १८४३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या पेटंटसाठी अर्ज केला. चार्ल्सचा अर्ज तिथे पोहोचेपर्यंत काही आठवड्यांचा उशीर झाला होता. इंग्लंडचं पेटंट हॅनकॉककडे गेलं.

व्हल्कनायझेशन हे नावही तिथलंच. हॅनकॉकच्या विल्यम ब्रॉकेडन नावाच्या मित्राने ते सुचवलं. रोमन लोकांचा अग्नीचा आणि भट्टीचा देव व्हल्कन, त्याच्यावरून. मोहाडीच्या दुकानावरच्या पाटीत एक रोमन देव असा येऊन बसला आहे.

अमेरिकेतही पेटंट मोडून माल बनवणारे खूप होते. त्यातल्या होरेस डे नावाच्या कारखानदाराविरुद्धचा खटला १८५२ मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला उभा राहिला. चार्ल्सच्या बाजूने वकील होते डॅनियल वेबस्टर, जे त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. त्यांची फी १५ हजार डॉलर, त्या काळी डोळे पांढरे करणारी रक्कम. निकाल चार्ल्सच्या बाजूने लागला.

म्हणजे त्याच्या शोधावर वकिलाने एका खटल्यात जेवढं कमावलं, तेवढं हातात सुटं कधी चार्ल्सने बघितलं की नाही कोण जाणे. त्याने परवाने स्वस्तात देऊन टाकले होते. हिशेब त्याला कधीच जमला नाही. आलेला पैसा पुन्हा प्रयोगात जायचा.

एका हातात पदक, दुसऱ्या हातात बेडी

१८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याने मोठं दालन मांडलं. खुर्च्या, टेबलं, दागिने, वाद्यं सगळं रबराचं. खर्च ३० हजार डॉलर. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ५० हजार डॉलर. लोक बघून थक्क झाले, पण फ्रान्समधलं पेटंट रद्द झालं आणि तिथून यायचे पैसे थांबले. देणेकऱ्यांनी त्याला पॅरिसच्या क्लिशी तुरुंगात टाकलं. सम्राट नेपोलियन तिसरा याने दिलेला लीजन ऑफ ऑनर हा मानाचा क्रॉस त्याला मिळाला तो याच कोठडीत. मुलाने तो आत नेऊन दिला.

ही मानमरातब बघायला क्लॅरिसा नव्हती. ती १८५३ मध्येच इंग्लंडमध्ये गेली. पुढच्या वर्षी चार्ल्सने दुसरं लग्न केलं, पण तब्येत तोवर ढासळली होती. वर्षानुवर्षं शिसं, ॲसिड आणि गंधकाच्या धुरात काढल्यावर दुसरं काय होणार?

१८६० च्या उन्हाळ्यात मुलगी मरणपंथाला लागल्याचं कळलं. तिला भेटायला तो निघाला. न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा ती गेल्याची बातमी समोर आली. तो तिथेच कोसळला. १ जुलै १८६० रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी चार्ल्स गुडइयर वारला. मागे राहिलं सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज.

मोटारीचा टायर त्याने कधी बघितलाच नाही. हवा भरलेल्या चाकाचं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतलं खरं, पण ते चाललं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला आणि तिथून टायरचं युग सुरू झालं. गुडइयर टायर कंपनी १८९८ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात निघाली. फ्रँक सायबरलिंगने ती काढली आणि आदरापोटी नाव चार्ल्सचं दिलं. चार्ल्स किंवा त्याच्या घरच्यांचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता. आपल्या महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना आहे.

मग मोहाडीत थंडीसाठी टायर कोणता?

आता मूळ प्रश्नाकडे. चार्ल्सची गोष्ट लक्षात असेल तर उत्तर सोपं आहे. टायर निवडताना नक्षी डोळ्यांना दिसते, पण ऋतू सांभाळतं ते रबर.

हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे तापमान ७ अंशांच्या खाली राहिलं तरी ते कडक होत नाही आणि बर्फाळ रस्त्यावर पकड सोडत नाही. हाच टायर ४५ अंशांच्या डांबरावर आणला तर भराभर झिजतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. उन्हाळी टायर याच्या उलट. ऑल-सीझन दोघांच्या मधला. तो दोन्ही करतो, पण दोन्हीत अव्वल नसतो.

मोहाडीत, भंडाऱ्यात, एकूणच विदर्भात पहाटे पारा उतरला तरी दहा-अकरापर्यंत ऊन चढतं. बर्फ नाही. त्यामुळे हिवाळी टायर घेणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर घालणं. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा चांगला टायर थंडीलाही पुरतो. टायर घेताना बघायचं ते ओल्या रस्त्यावरची पकड आणि उन्हातला टिकाऊपणा, कारण आपला खरा कस पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात लागतो.

बाजूवर एम प्लस एस अशी खूण दिसली तर हुरळून जाऊ नका. चिखल आणि बर्फासाठी बरी नक्षी, एवढाच तिचा अर्थ, आणि ती खूण कंपनी स्वतःच लावते. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चित्र असेल तर तो टायर खरोखर बर्फावर तपासलेला असतो. मनालीला किंवा काश्मीरला हिवाळ्यात गाडी न्यायची असेल तर ही खूण शोधा. तुमच्या घरातलं कुणी कॅनडाच्या क्युबेक प्रांतात असेल, तर तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत.

थंडीत आपण करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या जवळपास फुकट आहेत.

हवा तपासा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरची हवा सुमारे एक पीएसआयने कमी होते. एप्रिलच्या उकाड्यात भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे चार-पाच पीएसआयने कमी भरते, टायरला एकही भोक नसताना. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

खोबणी बघा. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचं काम संपलं. धुक्यात ओलसर झालेल्या रस्त्यावर असा टायर घसरतो.

वय बघा. टायरवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २५२४ म्हणजे २०२४ सालचा पंचविसावा आठवडा. गाडी कमी चालली तरी हवा आणि ऊन रबराला म्हातारं करतातच. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. दहा वर्षं झाली की कितीही चांगला दिसला तरी बदला. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच.

आणि पुढच्या वेळी पंक्चर काढायला थांबलात की साचा तापेपर्यंत पाचेक मिनिटं असतातच. तेवढ्यात वरची पाटी एकदा नीट वाचा. तो शब्द जुळवायला एका घराने दहा वर्षं उपास काढले होते.